कृत्रिम सूर्य आणि धातूची धूळ



आजचा विषय ऐकायला जरा दूरचा वाटेल. पण मला तो कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत सुचलेला नाही. तो मला एका लोहाराच्या भात्यापाशी मिळाला. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की वाटेत किन्हवली लागते. राब भाजून झाले होते, पेरणी आठ-दहा दिवसांवर आली होती, आणि जो तो आपलं हत्यार धारेला घेऊन निघाला होता. मीही एक कोयता घेऊन गेलो. लोहार माझा जुना विद्यार्थी. आता त्याचेही केस पिकले आहेत. त्यानं कोयता धारेच्या चाकाला लावला आणि ठिणग्यांचा फवारा उडाला. काम करता करता तो म्हणाला,

"गुरुजी, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही वर्गात सांगितलं होतं, की पाण्यातून सूर्याची आग काढणार, मग विजेला तोटा नाही. वीस वर्षांत होईल म्हणाला होतात. चाळीस वर्षं होऊन गेली. त्याचं पुढं काय झालं?"

मी म्हटलं, "काम चालू आहे. पण अडचणी पुष्कळ आहेत. त्यांतली एक बघ, तुझ्या चाकाखाली पडली आहे." आणि मी चाकाखाली साचलेला लोखंडाचा काळा, बारीक चुरा दाखवला.

तो हसला. म्हणाला, "धूळ? कोटी अंशांची भट्टी, आणि ती धुळीला भिते? माझ्या भट्टीत मूठभर माती पडली तरी ती विझत नाही!"

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. उभ्या उभ्या मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देतो. त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. कारण ज्यांनी ज्यांनी शाळेत मुलांना असं काही आश्वासन दिलं असेल, त्या सगळ्या शिक्षकांवर हे उत्तराचं देणं आहेच.

आधी हे आश्वासन आलं कुठून ते सांगतो. १९५५ सालच्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावर पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते आपले डॉक्टर होमी भाभा. अध्यक्षीय भाषणात त्यांनी भाकीत केलं, की येत्या दोन दशकांत अणुगर्भांच्या संमीलनातून निघणारी शक्ती ताब्यात ठेवण्याचा मार्ग सापडेल. पुढल्याच वर्षी, १९५६ च्या ऑगस्टमध्ये, तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. पण ती वेगळ्या जातीची. तिथे जड अणू फोडून शक्ती मिळवतात. संमीलनात उलटं असतं. हलके अणू एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून शक्ती निघते. सूर्य हेच करतो. भाभांचं वीस वर्षांचं भाकीत मात्र खरं ठरलं नाही. ते का ठरलं नाही, हे समजायला ही आग कसली आहे ते पाहिलं पाहिजे.

बर्फ तापवला की पाणी होतं, पाणी तापवलं की वाफ होते. आणखी तापवत गेलं तर काय होईल? अणूंच्या भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुटे इलेक्ट्रॉन ऋणभाराचे आणि उरलेले अणू धनभाराचे. अशा विद्युत्भारित कणांच्या मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात. हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विंग लँगमूर यांनी १९२८ साली दिलं. प्लाझ्मा तुम्ही पाहिलेला आहे. पावसाळ्यात माहुलीच्या डोंगरावर वीज कडाडते, तो प्लाझ्मा. ट्यूबलाइटच्या नळीत उजेड देतो, तोही प्लाझ्मा. सूर्य म्हणजे तर प्लाझ्माचा गोळाच.

सूर्याच्या पोटात सुमारे दीड कोटी अंश उष्णता आहे. पृथ्वीवर सूर्याइतका प्रचंड दाब आपल्याला आणता येत नाही, म्हणून इथे त्याच्या दहापट, म्हणजे पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवावं लागतं. इंधन म्हणून हायड्रोजनचे दोन जड भाऊ घेतात, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. ड्यूटेरियम सगळ्या पाण्यात असतो. हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा. भातसाच्या धरणात आहे, काळू नदीत आहे, आणि तुमच्या माठातही आहे. ट्रिटियम मात्र लिथियम या धातूपासून बनवावा लागतो.

आता एवढी आग ठेवायची कशात? कुठलंही भांडं टिकणार नाही. पण प्लाझ्माचे कण विद्युत्भारित असल्यामुळे चुंबकाची ओढ त्यांना जाणवते. म्हणून रशियन शास्त्रज्ञांनी एक यंत्र काढलं, त्याचं नाव टोकामॅक. त्याचा आकार आपल्या बायाबापड्या पाण्याच्या हंड्याखाली डोक्यावर चुंबळ ठेवतात ना, तसा. पोकळ चुंबळ, आतली हवा काढून टाकलेली, भोवती जबरदस्त चुंबक. आतला प्लाझ्मा चुंबकाच्या जोरावर भिंतीपासून अलग, अधांतरी, गोल गोल फिरत राहतो.

फ्रान्समध्ये कादाराश येथे असं सगळ्यांत मोठं यंत्र उभं राहत आहे. त्याचं नाव इटर. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि आपला भारत असे सात भागीदार मिळून ते बांधत आहेत. त्यातल्या प्लाझ्माचं आकारमान सुमारे ८३० घनमीटर असेल, म्हणजे चार-पाच मोठे वर्ग मावतील एवढं. आणि एवढ्या जागेत एका वेळी इंधन किती असेल? अंदाज करा.

मण? शेर? छटाक? नव्हे. ग्रॅमचा साधारण तिसरा हिस्सा! तांदळाचा एक दाणा वीस मिलिग्रॅमचा धरला, तर पंधरा-सोळा दाण्यांचं वजन. हा प्लाझ्मा आपल्या हवेहून लाखो पटींनी विरळ असतो. उष्णतामान पंधरा कोटी अंश, पण एकूण साठवलेली उष्णता मोजली तर ती दहाएक लिटर डिझेल जाळून मिळणाऱ्या उष्णतेइतकीच भरते.

आता माझ्या लोहारमित्राच्या शंकेचं अर्धं उत्तर मिळालं. तुझी भट्टी कोळशानं गच्च भरलेली असते, तिला मूठभर मातीची पर्वा नाही. ही आग अतिशय तीव्र, पण अतिशय विरळ. तुझ्या चाकाची ठिणगी हातावर पडली तर हात जळत नाही, नुसता चटका बसतो. ठिणगी लालभडक असते, पण तिच्यात उष्णता किती, तर चिमूटभर. उष्णतामान वेगळं आणि उष्णता वेगळी. ही गोष्ट गुरुजींनी मुलांना या ठिणगीवरूनच शिकवावी.

बरं, हवा काढून टाकलेल्या, बंद यंत्रात धूळ येते कुठून? ती बाहेरून येत नाही, घरातच निपजते.

तुम्ही जुना पिवळ्या उजेडाचा बल्ब पाहिला आहे. वर्ष-दोन वर्षं वापरलेल्या बल्बची काच आतून काळवंडते. ते काळं म्हणजे बल्बच्या तारेतला धातू. तार तापते, तिचे अणू उडतात आणि गार काचेवर बसतात. तार झिजत झिजत एक दिवस तुटते. त्या धातूचं नाव टंगस्टन. तो ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो. एवढा चिवट दुसरा धातू नाही. म्हणूनच या नव्या यंत्राच्या भिंतीलाही टंगस्टनच लावायचं ठरलं आहे. पूर्वी इटरच्या मुख्य भिंतीसाठी बेरिलियम नावाचा हलका धातू योजला होता, पण अलीकडे तो बेत बदलला आणि तिथेही टंगस्टन आलं.

प्लाझ्मा अधांतरी असतो हे खरं, पण त्याची कड भिंतीला कुठे ना कुठे चाटून जातेच. त्या माऱ्यानं भिंतीचे अणू उडतात आणि बल्बच्या काचेवर बसतात तसे दुसरीकडे जाऊन बसतात. तिथे थरावर थर साचतात. जुन्या घराच्या भिंतीवर चुन्याचे हात चढवत गेलं की एक दिवस पोपडे सुटतात; तसेच हे थर सुटतात. कधी प्लाझ्मा अचानक बिघडून सगळा भिंतीवर कोसळतो, तेव्हा धातूचे थेंब उडून थिजतात. कधी आतल्या आत बारीक विद्युत्ठिणगी पडते आणि त्या जागचा धातू शिंतडतो. अशी ही धूळ. काही कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, काही त्याच्या शंभरपट मोठे.

यांतला एखादा कण सुटून प्लाझ्मात शिरला तर त्याचं काय होतं, ते आता क्रमानं पाहू. सगळी हकीकत सेकंदाच्या शंभराव्या-हजाराव्या भागात घडते. पण आपण तिला भाताच्या खळ्यावरच्या गतीनं बघू.

पहिली गोष्ट, कणाला विद्युत्भार चढतो. प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ, धनभारित अणू जड आणि मंद. त्यामुळे कणावर आधी इलेक्ट्रॉन येऊन आदळतात आणि चिकटतात. काजवा दिसणार नाही एवढ्या कणावर बघता बघता हजारो इलेक्ट्रॉन जमतात. मग तो इतका ऋणभारित होतो, की पुढच्या इलेक्ट्रॉनांना दूर लोटतो आणि धनभारित अणूंना ओढून घेतो. दोन्हींची आवक सारखी झाली की भार स्थिरावतो. गोड्या तेलाचं बोट न लागलेल्या कोरड्या केसांतून कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडतात. तीच ही जात.

दुसरी गोष्ट, कणाला वारा लागतो. प्लाझ्मा स्थिर नसतो, त्याच्या कडेला प्रवाह वाहतात, तेही सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं. हा प्रवाह कणाला ढकलतो. खळ्यावर भात वारवताना काय होतं? सुपातून एकदम सोडलं, तर दाणा सरळ खाली पडतो आणि तूस वाऱ्यावर पुढे जातं. इथेही तसंच. बारीक कण प्रवाहाबरोबर वाहत जातात. मोठे कण आपल्या जोरानं सरळ आत घुसतात. जलद छायाचित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यांनी हे कण टिपले आहेत. त्यांचा वेग सेकंदाला दहा ते शंभर मीटर, कधी त्याहूनही जास्त. शंभर मीटर म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. आपल्या आसनगाव स्टेशनावरून जाणारी कुठलीही गाडी त्यापुढे बैलगाडी!

तिसरी गोष्ट, कण तापतो. आणि इथे एक मौज होते. ज्यांनी जुने, मोठे रेडिओ पाहिले आहेत त्यांना आतले काचेचे व्हॉल्व्ह आठवत असतील. रेडिओ लावला की ते हळूहळू लाल होत आणि मग आवाज येई. लाल झालेला धातू इलेक्ट्रॉन सोडू लागतो, त्यावर तो व्हॉल्व्ह चाले. आपला कणही तापला की तसाच इलेक्ट्रॉन सोडू लागतो. त्याचा ऋणभार कमी होतो, कधी कधी तर तो उलटून धनभारित होतो. आता तो इलेक्ट्रॉनांना दूर लोटत नाही. मग बाहेरचे तापलेले इलेक्ट्रॉन जास्तच संख्येनं येऊन आदळतात, कण आणखी तापतो आणि आणखी इलेक्ट्रॉन सोडतो. दार उघडं टाकल्यासारखं होतं.

चौथी गोष्ट, कण वितळतो, त्याचा थेंब होतो आणि थेंबाची वाफ होऊ लागते. लोहाराच्या ठिणगीत लोखंडाचा कण हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून जळतो. यंत्रात प्राणवायूच नाही, म्हणून कण जळत नाही, तो नुसता तापून उजळतो आणि विरतो. ही वाफ एका अंगानं जास्त निघाली तर दिवाळीच्या बाणाप्रमाणे कणाला उलट दिशेनं रेटा बसतो, आणि सरळ जाणारा कण एकाएकी वळण घेतो. कधी थेंब फुटून दोनाचे चार होतात. कधी त्याच्याच वाफेचं पांघरूण त्याच्याभोवती जमतं आणि त्याला थोडा वेळ वाचवतं.

तर मग माझ्या मित्राचं म्हणणं खरंच झालं की! कण क्षणात संपला. भट्टीचं काय बिघडलं?

बिघडलं ते इथून पुढे. कण मेला, पण त्याचे अणू प्लाझ्मात राहिले. हायड्रोजनच्या अणूला एकच इलेक्ट्रॉन असतो. तो सुटला की संपलं. उरलेला गर्भ फारसा उजेड देत नाही, त्यामुळे उष्णता आतच राहते. टंगस्टनच्या अणूला इलेक्ट्रॉन ७४. पंधरा कोटी अंशांतही ते सगळेच्या सगळे सुटत नाहीत. जे उरतात त्यांना भोवतालचे कण धडका देतात, आणि प्रत्येक धडकेनंतर ते प्रकाश फेकतात, बहुतेक क्ष-किरणांच्या रूपानं. त्या प्रकाशाला चुंबक अडवू शकत नाही. तो सरळ भिंतीवर जातो. म्हणजे मोठ्या कष्टानं जमवलेली उष्णता या उरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेनं गळू लागते. हंड्याला चिरा पडाव्यात तसं.

म्हणून शास्त्रज्ञ सांगतात, की इंधनाच्या लाख कणांमागे टंगस्टनचे एक-दोन अणू चालतील, फार झाले तर थोडे अधिक. हा हिशेब आपणच करू. लाखामागे एक धरला, तर इटरच्या सगळ्या प्लाझ्मात टंगस्टन किती चालेल? सुमारे पाव मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याचे ऐंशी भाग केले तर त्यांतला एक. टंगस्टन जड असल्यामुळे एवढं वजन मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत मावतं, बारीक रव्याच्या कणाएवढ्यात. अर्थात कणाचे सगळेच अणू आतपर्यंत पोचतात असं नाही, पुष्कळसे कडेवरूनच परत भिंतीला लागतात. तरीही दुधाच्या घागरीत मिठाचा खडा म्हणतात, तो हाच.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. जपानमध्ये तोकी या गावी अशाच जातीचं एक मोठं यंत्र होतं. २०१३ साली त्यात सुमारे ४८ मिनिटं प्लाझ्मा टिकवला गेला. पण अशा लांबलचक प्रयोगांपैकी काही भिंतीचे पोपडे सुटून आत पडल्यामुळे अवेळी संपले. फ्रान्समध्ये 'वेस्ट' नावाच्या यंत्रातही सुटलेल्या टंगस्टनच्या कणांनी कितीतरी प्रयोग विसकटले. पण त्याच यंत्रानं १२ फेब्रुवारी २०२५ रोजी प्लाझ्मा १३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून अधिक, टिकवून दाखवला. म्हणजे रोग आहे, तसा उतारही पडतो आहे.

धुळीचे आणखी दोन धोके आहेत, ते थोडक्यात सांगतो. एक, धूळ ट्रिटियम शोषून धरते. ट्रिटियम किरणोत्सर्गी आहे; त्याचा अर्धा भाग नाहीसा व्हायला सुमारे सव्वाबारा वर्षं लागतात. तेव्हा तो कोनाड्यांत साचून राहणं बरं नव्हे. दुसरा धोका आगीचा. पिठाच्या गिरणीत हवेत पीठ भरून राहिलं आणि ठिणगी पडली तर भडका उडतो, हे गिरणीवाले जाणतात. लोखंडाचा रूळ पेटत नाही, पण लोखंडाचा बारीक चुरा ठिणगी होऊन पेटतो. तसंच इथे. यंत्राला चीर पडून आत हवा शिरली तर धातूची धूळ पेट घेऊ शकते. तापलेल्या धुळीवर पाणी सांडलं तर पाण्यातला हायड्रोजन सुटतो, आणि तोही ज्वालाग्राही. म्हणून इटरच्या आखणीत आतल्या धुळीवर एक हजार किलोची मर्यादा घातली आहे. या भट्टीत तुर्भ्यासारखी साखळी क्रिया नसते, ती हाताबाहेर जात नाही, बिघडली की विझते. पण धुळीचा हिशेब मात्र ठेवावाच लागतो.

आता उपाय. पहिला उपाय भिंत बदलण्याचा. इंग्लंडमध्ये 'जेट' नावाच्या यंत्राच्या भिंतीला पूर्वी कोळशाच्याच जातीचा कार्बन होता. २०११ पासून तिथे बेरिलियम आणि टंगस्टन आलं, आणि झाडून काढलेली धूळ सुमारे शंभरपट कमी भरली. शेकडो ग्रॅमच्या ठिकाणी एक-दोन ग्रॅम.

दुसरा उपाय पाळत ठेवण्याचा. कॅमेऱ्यांनी कणांच्या वाटा टिपायच्या, त्यावरून कुठला थर सुटतो आहे ते हुडकायचं, आणि मध्यंतरात यांत्रिक हातांनी तो भाग साफ करायचा. यात एक बारकावा आहे. तळहातावर तांदूळ घेऊन हात उपडा केला तर दाणे पडतात, पीठ मात्र चिकटून राहतं. कण जितका बारीक तितका तो वजनाच्या मानानं घट्ट चिकटतो. म्हणून सगळ्यांत बारीक धूळ काढणं सगळ्यांत कठीण. उलट, पोलादाचा किंवा लोखंडाचा चुरा असेल तर यंत्राचे चुंबक सुरू होताच तो प्लाझ्मा पेटायच्या आधीच जागचा उठतो, लोहचुंबकाखाली कीस उभा राहतो तसा.

तिसरा उपाय ऐकून तुम्हांला नवल वाटेल. मुद्दाम धूळ टाकायची! बोरॉन नावाचं हलकं मूलद्रव्य आहे. त्याची पूड वरून बारीक धारेनं प्लाझ्मात सोडतात. बोरॉनला इलेक्ट्रॉन अवघे पाच, ते आत सगळे सुटतात, म्हणून तो फारशी उष्णता गळू देत नाही. त्याची वाफ भिंतीवर जाऊन लेप देते आणि टंगस्टनला उडू देत नाही. काट्यानं काटा काढावा, तसा हा प्रकार. जर्मनी, अमेरिका, चीन, जपान येथील यंत्रांत तो करून पाहिला आहे.

आपल्या देशाचं यात काय, असा प्रश्न साहजिक आहे. गुजरातमध्ये गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तिथे 'आदित्य' नावाचा टोकामॅक १९८९ साली सुरू झाला. पुढे त्यात सुधारणा करून २०१६ साली तो नव्या रूपात चालू झाला. २०१३ साली तिथेच एका मोठ्या यंत्रात पहिला प्लाझ्मा निघाला. इटरला बाहेरून वेढणारी पोलादाची अजस्र टाकी, वजन ३,८५० टन, तिचे भाग सुरतेजवळ हजिरा येथे बनले आणि समुद्रमार्गे फ्रान्सला गेले. धूळ आणि प्लाझ्मा यांच्या शास्त्रातही भारतीय नावं आहेत. १९९० साली एन. एन. राव, पी. के. शुक्ल आणि एम. वाय. यू या तिघांनी गणितानं दाखवलं, की धुळीनं भरलेल्या प्लाझ्मात अतिशय संथ लाटा उठतील. पाच वर्षांनी अमेरिकेत आयोवा येथे त्या खरोखर दिसल्या, नुसत्या डोळ्यांनी दिसतील इतक्या संथ.

मंडळी, आता सगळ्यांत अवघड प्रश्न. वीज कधी?

इथे मी पुन्हा तारीख देणार नाही. एकदा दिली आणि चाळीस वर्षांनी एका विद्यार्थ्यापुढे मान खाली घालावी लागली. मी खरी खरी मोजमापं तेवढी सांगतो. २०२३ सालच्या ऑक्टोबरमध्ये जेट यंत्रानं एका प्रयोगात ६९ मेगाजूल शक्ती दिली. आपल्या विजेच्या मीटरवर ती एकोणीस युनिट भरेल. इंधन लागलं मिलिग्रॅमचा पाचवा भाग. ही गोष्ट थोर आहे. पण त्या यंत्रानं दिली त्याहून जास्त शक्ती खाल्ली, हेही तितकंच खरं. २०२४ साली जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे इटरमधले प्रयोग २०३४ साली सुरू व्हायचे आहेत, आणि खऱ्या इंधनाचे २०३९ साली. आणि इटर झालं तरी ते वीज देणार नाही. ते फक्त हे जमतं की नाही एवढं दाखवणार. तेव्हा शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरच्या बाईनं या विजेची वाट पाहत बसावं, असं मी म्हणणार नाही. भातसाच्या धरणातलं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. त्या पाण्यात सूर्याचं इंधन आहे असं सांगून कुणाची तहान भागत नाही. आजच्या गोष्टी आजच मागितल्या पाहिजेत.

मग हे सगळं कशाला सांगायचं? एका कारणासाठी. काम लांबलं म्हणजे ते खोटं होतं असं नाही, आणि खरं असलं म्हणजे ते सोपं होतं असंही नाही. भाभांना सूर्याची आग दिसत होती. भिंतीचे पोपडे दिसायला मात्र यंत्रं बांधावी लागली, ती बिघडावी लागली, आणि कुणाला तरी आतली धूळ झाडून, तोलून, तिची नोंद ठेवावी लागली. शेती करणाऱ्याला हे नवं नाही. बियाणं चांगलं, पाऊस चांगला, आणि तरीही बारीकशा किडीनं पीक जातं. ती कीड ओळखणारा माणूस शेतकऱ्याच्या लेखी लहान नसतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. या विषयाला मोठं सामान लागत नाही. फ्यूज झालेला, काळवंडलेला एक बल्ब वर्गात आणा आणि हा काळेपणा कुठून आला ते मुलांना विचारा. कंगवा आणि कागदाचे कपटे आणा. लोहाराकडून चिमूटभर कीस आणि एक लोहचुंबक आणा. सूप तर घरोघर आहे. पिठाचा भडका मात्र करून दाखवू नका, तो तोंडीच सांगा. आणि मुलांनी "हे कधी होणार?" असं विचारलं तर साल सांगू नका. काय झालं, काय अडलं, आणि कोण झटतं आहे, ते सांगा. कदाचित त्यांतलंच एखादं पोर पुढे ती अडचण सोडवायला जाईल.

धारेला दिलेला माझा कोयता आणायचा राहिला आहे. तो आणायला जाईन तेव्हा हे सगळं माझ्या मित्राला सांगेन. त्याची भट्टी कोळशाची, ही आग वाऱ्यासारखी विरळ. तुझी भट्टी मातीला भीत नाही, कारण तिच्याजवळ जळायला पुष्कळ आहे, असं म्हणेन. त्यावर तो दुसरी शंका काढील. तिचं उत्तर मला येईलच असं नाही. आलं नाही तर शोधीन, आणि पुन्हा तुमच्यापुढे येईन.

नमस्कार.